रेनकोट घातलेलं अंगण

आमच्या अंगणात पाणी मुरत नाही आणि माझ्या पोटात भीती मुरत नाही. दोन्ही वरच तरंगत राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात.

अंगणाचा दोष मातीचा. शीळफाट्याकडून डोंबिवलीला येताना आत वळलं की आमची रो हाउसची कॉलनी लागते. कॉलनीच्या आधी तिथे भातशेती होती, शेजारच्या पाटीलकाकूंच्या सासऱ्यांची. निवृत्तीनंतर मी मोठ्या हौसेने तिथे घर घेतलं. मागे छोटंसं अंगण, अंगणात तुळस आणि पावसाळा लागताच तुळशीभोवती घोटाभर पाणी! चार दिवस उघडीप पडली तरी ते हलेना. मी काकूंकडे तक्रार घेऊन गेलो (जणू माती त्यांनीच मला फसवून विकली होती).

"काकू, हे पाणी जात का नाही हो?"

"जाईल कसा? चिकनमाती हाय ती!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "आमचे सासरे पानी राहावा म्हनून बांध घालायचे. थेंब जाऊ देत नव्हते. अशी जमीन नव्हती कोनाची!"

ज्या गुणाचं तिथे पिढ्यानपिढ्या कौतुक झालं होतं, त्याच गुणाने मी हैराण झालो. मी रेती टाकली, अंगणाने ती गिळली. खडी टाकली, तीही गिळली. फरशीचे तुकडे मांडले, ते दोन पावसांत दिसेनासे झाले. शेवटी माझी उजवी चप्पल गेली. डावी आम्ही अजून जपून ठेवली आहे, कारण उन्हाळ्यात जोडीदारीण वर येईल अशी बायकोला आशा आहे.

भीतीचं म्हणाल तर ती माझी जन्मजात. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्याची वाटते, कुकरची शिट्टी व्हायला उशीर लागला तरी वाटते. नोकरीही मला शोभेल अशीच मिळाली. वागळे इस्टेटमध्ये रेनकोटच्या एका कारखान्यात मी माल तपासायला होतो. तयार रेनकोट दिव्यासमोर धरायचा, शिवणीत टाचणीएवढं भोक दिसलं की बाद! आयुष्यभर भोकांना घाबरायचा मी पगार घेतला. हे लक्षात असू द्या, पुढे यानेच घात केला.

आमची एकुलती एक सायली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि माझ्या भीतीला नवी पालवी फुटली. सहावा महिना संपत आला होता. एका संध्याकाळी पावसाचा शिडकावा आला म्हणून ती दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली. मी दारात उभा होतो. चिखलात तिचा पाय सटकला. तिने चटकन दोरीचा खांब धरला आणि उभी राहिली. ती पडली नाही. पडलो मी! दारातच मटकन बसलो आणि मग सावकाश आडवा झालो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सायलीला तपासलं आणि सगळं उत्तम आहे म्हणाल्या. नंतर माझा रक्तदाब घेतला आणि गंभीर झाल्या.

"बाबा, मी पडलेच नाहीये," परत येताना रिक्षात सायली मला समजावत होती.

"पण पडली असतीस तर?"

"खांब होता ना."

"आणि खांब नसता तर?"

"अहो, खांब आहे!" बायको म्हणाली. "तुम्हीच पुरलाय तो!"

थट्टा सोडा, पण त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरेना. सायली चालायला शिकली तेव्हा दिवसातून दहा वेळा पडायची आणि मी उचलायचो. आता पडली तर दोन जीव पडणार, आणि माझे हात तिथे असतीलच याची खात्री नाही. मी तिला अंगणात जायची बंदी केली. तिने ती ऐकून घेतली आणि दुसऱ्याच सकाळी तुळशीपाशी उभी राहून दात घासले.

उपाय सुचवला जावई निखिलने. "बाबा, मी भर पावसात टर्फवर क्रिकेट खेळतो. चिखल नाही, काही नाही. तसलं प्लॅस्टिकचं गवत टाका अंगणात."

मला ते इतकं पटलं की मी लगेच कोलशेतच्या एका विक्रेत्याकडून हिरव्या गवताच्या गुंडाळ्या मागवल्या. तो म्हणाला, "काका, बसवायला माणसं पाठवतो." मी म्हणालो, "शिवणीचं काम मी परक्यावर सोडत नसतो!" (माणूस बुडायच्या आधी अशीच वाक्यं बोलतो.)

रविवारी मी पहिली गुंडाळी अंगणात उलटी पसरली, सवयीने तिची कड उजेडासमोर धरली आणि माझं काळीज लक्कन हललं. भोकं! एक नाही, दोन नाही, अंगभर भोकं!

"सगळा माल डिफेक्टिव्ह!" मी ओरडलो.

"अहो, मुद्दाम ठेवली असतील," बायको ओट्यावरून म्हणाली.

"मुद्दाम भोकं कोण ठेवतं?"

"इडलीपात्राला असतात."

"इडलीपात्र घालून कुणी पावसात जातं का?" मी विचारलं. बायको गप्प झाली. मला वाटलं, पटलं. (आता कळतं की ती नुसती गप्प झाली होती.)

माझ्याकडे कारखान्यातली काळी पट्टी होती. रेनकोटच्या शिवणीवर आतून चिकटवतात ती. निरोप समारंभाला लोक भिंतीवरचं घड्याळ घेतात, मी पट्टीची रिळं मागून घेतली होती. इस्त्री गरम केली आणि भोकांच्या एकेका रांगेवर लांबच लांब पट्टी मारत सुटलो. निखिल मदतीला होता, पण तो "बाबा, नक्की ना?" असं सारखं विचारत असल्यामुळे मी त्याला चहा आणायला पाठवलं. भोकं संपली तेव्हा जोड सील केले. कडा भिंतीला आणि ओट्याला सोल्यूशनने चिकटवल्या. राहता राहिला गच्चीवरून खाली येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप. त्याचं तोंड अंगणाच्या कोपऱ्यात उघडं दिसत होतं आणि विद्रूप वाटत होतं. मी ते व्यवस्थित गवताखाली घेतलं आणि वरून झाकून टाकलं.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. गच्चीवरचं सगळं पाणी मी गवताच्या खाली सोडलं होतं. खाली चिकणमाती, ती पीत नाही. वर माझी पट्टी, ती जाऊ देत नाही! पण त्या दिवशी हे मला दिसलं नाही. मला दिसलं ते हिरवंगार, कोरडं अंगण आणि त्यावरून अनवाणी चालणारी सायली. कित्येक दिवसांनी मी त्या रात्री पोटभर जेवलो.

मग श्रावण आला आणि पाऊस चढला.

एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. तुळशीजवळचं गवत मला जरा फुगल्यासारखं वाटलं. मी चष्मा पुसून पाहिलं. फुगवटा हलत होता! तुळशीपासून निघाला, दोरीच्या खांबापर्यंत गेला, थोडा थांबला (विचार करत असावा) आणि भिंतीकडे वळला. खालून आवाज आला, "गुळुक." आणि मग गवतावर एक बारीक, लांबलचक उंचवटा उठला, वाकडातिकडा झाला आणि विरून गेला.

कुंपणापलीकडे पाटीलकाकू भांडी घासत होत्या. मी हळूच विचारलं, "काकू, इकडे पूर्वी साप निघायचे का?"

"अवो, तिन्हीसांजेला नाव काय घेता त्याचा? लांबडा म्हना!"

"बरं, लांबडं. निघायचं का?"

"निघायचा म्हंजे? आमच्या आधी तोच राहायचा हितं! दिवड असल. पान्यातली. ती चावली तरी काय होत नाय." मला जरा धीर आला. काकूंनी टोप विसळला आणि पुढे म्हणाल्या, "पन कधी कधी घोनस पन निघते."

आता हे घरात सांगायचं कसं? गरोदर बाईला दचकवू नये, तिच्या कानावर भलतंसलतं पडू नये, हे मला आईने शिकवलेलं. बायकोला सांगावं तर तिच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणून ती भीती मी एकट्याने पोटात घेऊन फिरू लागलो. सकाळ-संध्याकाळ काठीने गवत बडवायचो. सायलीने विचारलं तर म्हणायचो, "धूळ झटकतोय." भर पावसात! ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहायची, ती नजर मी तिच्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांत तिच्या डोळ्यांत पाहिलेली होती.

आणि त्यातच डोहाळजेवण ठरलं. पितृपक्षाआधी उरकायला हवं होतं, हॉल मिळत नव्हते, आणि महिन्याभरापूर्वी गवताच्या धुंदीत मीच विहीणबाईंना फोनवर म्हणालो होतो, "हॉल कशाला? आमचं अंगण काय कमी आहे?" ठाण्याच्या विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या समोर आल्या की मी अजूनही नखं लपवतो.

मी बायकोला म्हणालो, "आपण आत करू या का? घरगुती?"

"पंचवीस बायका आणि एक होडी आपल्या हॉलमध्ये?"

"होडी?"

"होडीतलं डोहाळजेवण आहे! डेकोरेटरला सांगून झालंय. फुलांनी सजवलेली होडी, वर शिडाची चंद्रकोर, आत सायली. अंगणाच्या मधोमध."

अंगणाच्या मधोमध म्हणजे बरोबर त्याच्या डोक्यावर! मी पाणी मागितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फुगवटा गुडघ्याएवढा झाला होता. मी कोपऱ्यात जाऊन विक्रेत्याला फोन लावला आणि तक्रार केली की तुमचं गवत सुजलंय. त्याने दोन-चार प्रश्न विचारले.

"काका, ती भोकं तुम्ही बंद केलीत?"

"मग काय करणार? पाणी आत गेलं असतं!"

"पाणी आत जायलाच पाहिजे, काका! खाली उतरून बाहेर निघायला पाहिजे!"

सबंध नोकरीत असं वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. "मग आता?"

"आता परत भोकं पाडा."

मी दाभण घेतलं, फुगवट्यापाशी वाकलो, हात उचलला आणि नेमका तोच लांबलचक उंचवटा माझ्या अंगठ्यासमोर वळवळला. दाभण कुठे पडलं ते मला माहीत नाही. मी ओट्यावर कसा पोहोचलो तेही माहीत नाही. (मधे तीन पायऱ्या आहेत. त्यांतल्या एकीवरही मी पाय ठेवला नाही, असं बायको सांगते.)

तेवढ्यात डेकोरेटरची माणसं आली. त्यांनी ताडपत्रीचा मांडव घातला, होडी मधोमध ठेवली, आणि होडीच्या वजनाने फुगवटा दबून चहूकडे पसरला. अंगण सपाट दिसू लागलं. विहीणबाई आल्या, चौफेर नजर फिरवून म्हणाल्या, "छान. टापटीप आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पास केलं होतं आणि मला त्याचा आनंद घेता येत नव्हता.

हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून सायली बाहेर आली. इतकी सुंदर दिसत होती की मला भरून आलं. तिने गवतावर पाऊल ठेवलं तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्या देवांना एकदमच हाक मारली. ती होडीत बसली. बायका सतरंजीवर बसल्या. आणि मग गंमत सुरू झाली. इकडे सायलीच्या मावशी बसल्या की तिकडे विहीणबाई वर! विहीणबाई सावरून बसल्या की पाटीलकाकू वर! ओटी भरायला एकेक बाई उठे आणि तिच्या जागी दुसरीच कुणीतरी उंच होई. 

"अगं बाई, किती मऊ बसकण आहे!" मावशी म्हणाल्या. "गादी घातलीये का खाली?"

मी काठी घेऊन कडेकडेने गस्त घालत होतो. विहीणबाईंनी विचारलं, "काठी कशाला?" मी म्हणालो, "मांडवाला टेकू." त्यांनी मांडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नखं लपवायला माझा एकच हात रिकामा होता.

ओटी भरून झाली आणि पावसाची जोरदार सर आली. मांडवामुळे कुणी भिजलं नाही. पण गच्चीवरचं पाणी पाइपातून धो धो उतरू लागलं, थेट गवताखाली! "गुळुक" आता सारखं ऐकू येऊ लागलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत होडी वर उचलली गेली. आधी तिचं एक टोक, मग दुसरं. ती चक्क डुलू लागली!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "अय्या, खरीच डुलते! डेकोरेटर कोण गं?"

सायलीही हसत होती. पण होडीच्या अगदी लगत, तिच्या पायाच्या बाजूला, गवतावर तो उंचवटा पुन्हा उठला. लांब, बारीक, सरपटणारा. त्या क्षणी आईची सगळी शिकवण गळून पडली.

"सायली, हलू नकोस!" मी किंचाळलो. "होडीखाली लांबडं आहे!"

पंचवीस बायका एकदम उठल्या आणि ओट्याकडे धावल्या. त्यांचं वजन एका बाजूला गेलं आणि अंगणातलं सगळं पाणी दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे आलं. मी सायलीकडे धावत होतो. खोटं सांगत नाही, मला त्या वेळी सापाची भीती वाटत नव्हती. तिच्यापर्यंत पोहोचायचं एवढंच डोक्यात होतं. तीन पावलं नीट पडली. चौथं पडलं ते बरोबर जोडावर, मी स्वतः इस्त्रीने सील केलेल्या जोडावर, आणि तो फाट्कन फुटला! कमरेएवढं कारंजं उडालं. माझा पाय फटीत गेला, घोटा मुरगळला आणि मी गढूळ पाण्यात पालथा पडलो. वर पाहतो तर फटीतून तो बाहेर येत होता. काळा, चकचकीत, हातभर, मग दोन हात, मग संपेचना!

मी डोळे घट्ट मिटले. "पोरीला घेऊन जा रे कुणीतरी! मला राहू द्या!"

"बाबा."

मी डोळे उघडले. सायली होडीतून आपली आपण उतरली होती. एका हाताने होडीची कड धरून पायात पाय न अडकता तिने चार पावलं टाकली होती, आणि आता दुसऱ्या हाताने तिने माझं बखोट पकडलं होतं.

"घाबरू नका बाबा. मी धरलंय तुम्हाला."

"अगं, तो... लांबडं..."

विहीणबाई ओट्यावरून उतरल्या, वाकल्या आणि त्यांनी लांबड्याला शेपटीकडून उचललं. वर धरून चष्म्यातून नीट पाहिलं. "ही पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "चिकटपट्टी. कुणी लावली होती ही?"

भोकांवरून सुटलेली माझी काळी पट्टी! कित्येक दिवस ती पाण्याबरोबर गवताखाली फिरत होती आणि कित्येक दिवस मी तिच्या भीतीने जेवत नव्हतो. मी चिखलात बसल्या बसल्या हात वर केला.

मला उठता येईना. अंगणात कोरडी आणि उंच जागा एकच उरली होती. निखिल आणि डेकोरेटरच्या माणसाने मला उचललं आणि होडीत ठेवलं. पाय वर, डोक्यावर शिडाची चंद्रकोर! सायली ओट्यावर खुर्चीत बसून इतकी हसत होती की तिने पोट धरलं होतं. मी होडीतून ओरडलो, "हसू नकोस गं एवढी! जपून!"

"आता यांना ओवाळून टाका," पाटीलकाकू म्हणाल्या. "होडी मोकली कशाला ठेवायची?"

आणि बायकांनी खरंच ओवाळलं. मावशींनी गाणं धरलं. विहीणबाईंनी माझ्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. "उचला," त्या म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी एक वाटी उचलली. पेढा! बायकांनी असा काही गलका केला की मला क्षणभर स्वतःबद्दल शंका आली.

नंतर निखिलने सगळ्या गवताला परत भोकं पाडली आणि पाइपाचं तोंड बाहेरच्या गटाराकडे वळवलं. माझा घोटा बरा व्हायला दिवाळी उजाडली. सायलीला मुलगी झाली, गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची. (माझा पेढा कुणालाच लागू पडला नाही.)

बारसंही अंगणातच केलं. पाऊस कधीच संपला होता. गवत खडखडीत कोरडं होतं. पाळणा तुळशीजवळ बांधला होता. सायली बाळाला कुशीत घेऊन ओट्यावरून निघाली आणि माझ्या छातीत पुन्हा धस्स झालं. "अगं, हात धर! कुणाचा तरी हात धर!"

सायली थांबली. बाळ तिने विहीणबाईंच्या हातात दिलं, दोन पायऱ्या मागे आली आणि माझा हात धरला.

"चला बाबा," ती म्हणाली. "सावकाश. हं, एक पाऊल. आता दुसरं."

मी निघालो. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. बाळ तर अजून मानही धरत नव्हतं, पण त्या दिवशी आमच्या अंगणात कुणीतरी चालायला शिकलं, असं पाटीलकाकू अजून सगळ्या कॉलनीला सांगतात.